आयर्लंड, पार्सल

परदेशात आयर्लंड शोधायला कष्ट पडत नाहीत. डब्लिनच्या कंपन्या अख्खा ‘आयरिश पब’च बनवून पाठवतात: लाकडी काउंटर, नवीकोरी जुनाट पाटी, भिंतीवर टांगायच्या वस्तू. शंभर वर्षांची धूळ तेवढी गिऱ्हाइकाने आपापली जमवायची.

आत गिनेस बिअर आहेच. आर्थर गिनेसने 1759 मध्ये डब्लिनमधली ब्रुअरीची जागा वर्षाला 45 पौंडांवर तब्बल 9000 वर्षांसाठी घेतली. भाडेकरू असावा तर असा! आता मालक कंपनी लंडनची, पण ग्लासातला फेस बसेपर्यंत हा विषय काढायचा नसतो.

17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, अमेरिकेत कॉर्न्ड बीफ आणि कोबी खाल्ल्याशिवाय कोणी आयरिश ठरत नाही. आयर्लंडच्या ताटात कोबीशेजारी असतं बेकन. न्यूयॉर्कला पोचलेल्या गरीब आयरिशांना ज्यू खाटकांकडचं खारवलेलं गोमांस परवडलं, आणि परवडलं तीच परंपरा झाली. गंमत म्हणजे अठराव्या शतकात कॉर्क बंदरातून हेच मांस पिंपं भरभरून ब्रिटिश आरमाराला आणि वेस्ट इंडीजला जायचं; गरीब आयरिश माणसाच्या वाट्याला बटाटा. 1845 पासून तोही शेतात कुजला, माणसं लाखोंनी मेली, तरी धान्याची जहाजं इंग्लंडकडे निघतच होती. हे मेन्यूकार्डावर छापत नाहीत.

शिकागो 1962 पासून या सणाला नदीच हिरवी करतं. मायदेशी मात्र कित्येक दशकं त्या दिवशी पब कायद्याने बंद असत. पुढे पर्यटक ‘अस्सल’ जल्लोष शोधत आले, तेव्हा डब्लिननेही 1996 पासून जंगी महोत्सव मांडला. टेंपल बार या पर्यटकांच्या भागातल्या पबांचे दर बघून डब्लिनकर दुसरीकडे प्यायला जातात.