जावईबुवा मेटारायझियम

पिंपळगाव राजा आणि पंचक्रोशीतल्या समस्त सोयाबीन, पऱ्हाटी व तूर उत्पादकांच्या हितासाठी हे मार्गदर्शन सादर आहे. हुमणीवर जैविक औषध 'लागू पडत नाही', अशी तक्रार दरवर्षी पोळ्याच्या सुमारास ऐकू येते. तिचे मूळ औषधात नसून यजमानात आहे, एवढेच येथे सिद्ध करायचे आहे. फोरेट, म्हणजे आपल्या बोलण्यातले थिमेट, हा गडी होता. हाक मारली की यायचा, दिसेल त्याला मारायचा. गांडूळ कोण आणि हुमणी कोण हे विचारायची त्याची पद्धत नव्हती. 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्याच्यावर बंदी आहे. त्याच्या जागी आलेली मेटारायझियम ही हिरवी बुरशी गडी नव्हे, जावई आहे. तिला वेळेवर बोलवावे लागते, उन्हात उभे करता येत नाही, आणि 'झालं का काम?' असे रोज विचारण्याची सोय नाही. तक्रार करणारे भाऊ नेमके हेच विसरतात: गड्याच्या मजुरीत ते जावयाची अपेक्षा धरतात आणि जावयाला गड्यासारखे राबवतात.

नियम पहिला: वैरी ओळखून मारावा. हुमणीची अळी पांढरट, अर्धचंद्रासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची आणि तीन जोड्या पायांची असते. खताच्या खड्ड्यात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. जमिनीवर ठेवताच पाठीवर उलटी होऊन सरपटत निघाली, तर ती कुजका काडीकचरा खाणारी आहे. तिला तिच्या उद्योगाला जाऊ द्यावे.

नियम दुसरा: मुहूर्त पाळावा. बाकी नियमांच्या बाबतीत थोडी हयगय चालेल, याच्या बाबतीत नाही. अक्षय्य तृतीयेला पाऊस-पिकाच्या भाकितासाठी भेंडवळच्या घटमांडणीकडे अख्ख्या जिल्ह्याचे डोळे लागतात. हुमणीचे भाकीत मात्र धुऱ्यावरचा निंब फुकट सांगतो. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीत दडून बसलेले हुमणीचे भुंगेरे दिवेलागणीनंतर बाहेर पडतात आणि निंब, बाभूळ, बोर यांच्यावर बसतात. तिथेच पाला खातात, मीलन उरकतात आणि उजाडण्याआधी पुन्हा मातीत शिरतात. मग मादी जमिनीत अंडी घालते. अंड्यातून निघालेली कोवळी अळी आधी कुजलेला पाला खाते, मग मुळांकडे वळते. जून-जुलैत ती लहान असते आणि बुरशीला सहज बळी पडते. ऑगस्ट-सप्टेंबरात ती तिसऱ्या अवस्थेत पोचते, अंगाने जाड आणि भूक भयंकर. तेव्हा कुठे वरचे झाड पिवळे पडून सुकू लागते. म्हणजे शेतकऱ्याला रोग दिसतो तो औषधाची वेळ टळल्यावर. आपले भाऊ त्याच दिवशी कृषी केंद्रात धाव घेतात, 'एकदम जालीम द्या' म्हणतात आणि पंधरा दिवसांनी जैविक उपायाची बदनामी सुरू करतात. वरातीमागून घोडे आले, तर दोष घोड्याचा कसा?

नियम तिसरा: बडदास्त ठेवावी. साधारण एकरी 4 किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळावी, काही दिवस सावलीत झाकून ठेवावी आणि ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी ओल्या जमिनीत, मुळांजवळ द्यावी. बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, रुजतात, आत शिरतात. मेलेल्या अळीवर आधी पांढरी आणि मग हिरवी बुरशी चढते. कडक उन्हात हे बीजाणू मरतात. कोरड्या मातीत ते रुजत नाहीत. तरीही पुडकी पत्र्याच्या खोलीत, युरियाच्या पोत्यांवर ठेवून महिनाभर उकडण्याचा प्रघात आहेच.

नियम चौथा: जावयाला बुरशीनाशक पाजू नये.

आता आक्षेप. 'हे नवे फॅड आहे.' नाही. इल्या मेचनिकॉव्ह यांनी 1879 मध्ये ओडेसाला गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर याच बुरशीचे प्रयोग केले होते. नोबेल त्यांना पुढे 1908 मध्ये, दुसऱ्या कामासाठी मिळाले. 'आपल्या मातीत विलायती जीव जगत नाही.' मग देशी घ्या. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हा सूत्रकृमी 1992 मध्ये कोइंबतूरच्या नमुन्यांवरून जगापुढे आला. तो अळीत शिरून आपल्या पोटातले जिवाणू सोडतो. अळी दोन-तीन दिवसांत मरते आणि विटकरी होते. त्यालाही ओल लागते, आणि आपली काळी जमीन ओल धरण्यात कमी नाही. 'बुरशी फार हळू मारते.' हा आक्षेप मात्र खरा आहे. पण हुमणीची वर्षाला एकच पिढी होते, आणि यंदा अंडी घालण्याआधी मेलेली प्रत्येक मादी पुढच्या वर्षीच्या हिशेबातून कायमची वजा होते. घाई करावी तर भुंगेऱ्यांच्या बाबतीत करावी.

इथे सगळ्यात कठीण नियम येतो. भुंगेरा सातबारा वाचत नाही. एकाने बुरशी टाकली आणि शेजारच्या निंबावर भुंगेऱ्यांची जत्रा भरू दिली, तर पुढल्या मोसमात ते पैसे मातीत गेले असेच म्हणावे लागेल. अमेरिकेत 1916 मध्ये न्यू जर्सीत जपानी भुंगेरा सापडला आणि त्याच्या अळ्या लोकांच्या अंगणातली हिरवळ मुळापासून खाऊ लागल्या. तेव्हा तिथे 1939 पासून अळीला रोग लावणाऱ्या जिवाणूंची भुकटी सरकारी मोहीम काढून मोठ्या प्रदेशात पेरली. एकेकाच्या अंगणावर सोडून दिले नाही. आपल्याला तर त्याहून सोपे काम आहे. पहिल्या पावसानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी गावाने मिळून बांबूने फांद्या हलवाव्या, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावे, आणि जमेल तिथे प्रकाश सापळे लावावे. पीक निघाल्यावर नांगरटी करावी. पुढचे काम कावळे, साळुंक्या आणि बगळे मजुरी न मागता करतात.

शेवटचा नियम: धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वाद चालू असेल, तर तो पहिल्या पावसापासून मृग संपेपर्यंत तहकूब ठेवावा. भुंगेरे संपल्यावर तो होता तिथून पुढे सुरू करायला कोणाचीच हरकत नाही.