बसणाऱ्याला विचारतो कोण?

दुसऱ्याच्या बुडाखाली काय असावं, याबद्दल सुलतानपुरात प्रत्येकाचं ठाम मत आहे. माझा भाचा पुण्याहून रोड बाइक घेऊन आला आणि फाट्यावर सहज म्हणाला, "सीट टोचते, दुसरी घ्यायचीय, पण स्वस्तातली." झालं! चहाचे ग्लास तसेच राहिले आणि सल्लागार समिती बसली.

"हे शीट हाय का उलथनं?" एकानं बोटानं दाबून पाहिलं. "गादी नाई का याच्यावर? माह्या बुलेटची शीट पाय." दुसऱ्यानं मेहकरहून जेलचं कव्हर आणायला सांगितलं, तिसऱ्यानं घरची उशी देऊ केली. यांतलं कोण सायकलवर शेवटचं कधी बसलं होतं, ते विचारायची सोय नव्हती.

गंमत म्हणजे सगळा घोळ गादीच करते. माणसाचा भार पेलायला बुडाशी दोन हाडं दिलेली आहेत. गादी फार मऊ असली की ती हाडं आत रुततात, मधला भाग वर येऊन नसा नि रक्तवाहिन्या दाबतो, आणि तासाभरात नको तिथे मुंग्या येतात. म्हणून लांबवर जाणाऱ्यांची सीट टणक, निमुळती आणि बहुधा मधोमध खाचेची असते. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 साली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' एकट्यानं बारा दिवसांच्या आत पुरी केली. सुमारे 4,800 किलोमीटर! सुदैवानं वाटेत त्यांना आमचा फाटा लागला नाही. लागला असता तर उशी घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

आमच्याकडचा रस्ताही साधा नाही. सिमेंटच्या रस्त्याला दर साडेचार मीटरला सांधा. लोणारपर्यंत बारा किलोमीटर धरा. बारीक टायरवरून अडीच हजारांवर धक्के थेट त्या दोन हाडांना. खड्डे वेगळे, ते हिशेबात धरत नाहीत.

बाकी बसणार एक आणि ठरवणार भलताच, ही रीत जागतिक आहे. यूसीआय ही सायकल शर्यतींची संघटना स्वित्झर्लंडमधून सांगते की सीट 24 ते 30 सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा कल नऊ अंशांपलीकडे जाऊ नये. इकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पाच हजार रुपये मिळतात. चाकं, घंटी, कुलूप, सीट सगळं त्यातच. कार्बनच्या दांड्यांची एकच सीट मात्र वीस हजारांच्या वर जाते. हा आकडा ऐकून समितीतले ज्येष्ठ सदस्य उठूनच उभे राहिले. "एवढ्यात तं दोन बकऱ्या येतात, भाऊ! अन् त्या दूधबी देतात."

भाच्यानं शेवटी किराणा दुकानातून पन्हाळीच्या पुठ्ठ्याचं खोकं मागून आणलं. पुठ्ठा कट्ट्यावर ठेवला, त्यावर गुडघे वर घेऊन बसला, उठला. दोन खळगे उमटले. शिंप्याच्या टेपनं दोहोंच्या मध्यांमधलं अंतर मोजलं: बारा सेंटिमीटर. त्यात दोनेक मिळवले की सीटची रुंदी निघते, आणि त्या मापाची बरी सीट हजार-दोन हजारांत मिळते. दोन-चार दिवस चालवून उंची नि कल जुळवायचा, आत पॅडची चड्डी घालायची. खर्च एवढाच. सल्ला मात्र अजून फुकट चालू होता.

पुठ्ठा पाहून सगळ्यांनाच हौस आली. शिंपी बसला, हवालदार बसले, गुरुजींचे खळगे सर्वात खोल निघाले. जिल्हा परिषदेसाठी गुडघ्याला बाशिंग बांधलेले आमचे भाऊ तेवढे बसेनात. कार्यकर्त्यांनी फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, "आधी खुर्ची केवढी भेटते ते तं कळू द्या. माप मंग त्याच्यापरमानं देतो."