काकाजी ब्रेक खोलतात

आंबागडच्या काकाजींना दोन गोष्टी बंद पाहवत नाहीत : कोणाचं तोंड आणि कुठलाही नट. चिखल्याच्या मँगनीज खाणीत, जमिनीखाली, उमर गेली. त्यामुळे जमिनीवरची यंत्रं त्यांना पोरखेळ वाटतात. ग्यारेज या संस्थेला त्यांचा तात्त्विक विरोध. "भोसल्याइच्या काळात कैद्याले गडावर टाकत, तशी गाडी ग्यारेजात टाकतेत. सुटून आली तं नशीब!" गड १७०० च्या सुमारास राजा खान पठाणानं बांधला आणि अजून उभा आहे, याचंही श्रेय ते तुमसरच्या मिस्त्र्यांनी त्याला हात न लावण्याला देतात.

गावातल्या बहुतेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेकच. त्यांचे लायनर काकाजींनी केव्हाच खोलले होते. मागे डिस्क असलेली गाडी दिवाळीत नागपूरहून आली, आणि तीही जावयाची. अंगणात थांबताना ती बारीक किंचाळली. पॅड झिजला की त्यावरची लोखंडी पट्टी डिस्कला घासून असा आवाज करते. काकाजींच्या चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद पसरला.

"मामाजी, मी नागपुरात दाखवतो ना," जावई म्हणाला.

"तिकडं कोन हाय तुमचं?" काकाजींनी विचारलं. जावयाचे आईवडील, भाऊ आणि नोकरी नागपुरातच होती. पण सासऱ्यापुढे ते कोण सांगणार?

तुमसरहून पॅड आले. पुढच्या चाकांना विटा लागल्या, गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले झाले, हँडब्रेक सुटला, मग जॅक चढला. जॅकवर भरोसा नको म्हणून गाडीखाली लाकडी ठोकळाही सरकला. इथवर खोट काढायला जागा नव्हती. कॅलिपर नळीवर लोंबकळू नये म्हणून त्यांनी तो तारेनं बांधलासुद्धा. खरं सांगायचं तर काकाजींना काम येतं. कोणाला तरी ते येत नाही, हे दाखवल्याशिवाय करता येत नाही, एवढंच.

"अजी, जेवाले या," आतून काकीजी.

"पॅडलवर पाय ठेवू नका कोनी!" बाहेरून काकाजी. गाडीत कोणी नव्हतं. पण कॅलिपर सुटा असताना पॅडल दाबलं तर पिस्टन बाहेर येतो, ही माहिती अख्ख्या गल्लीला मिळायला हवी होती.

आता नवे जाड पॅड बसण्यासाठी पिस्टन आत जायला हवा. काकाजींनी सी-क्लॅम्प लावून आवळला. पिस्टन ढिम्म. जावयाला धरायला लावलं, शेजाऱ्याला दाबायला लावलं, कंपनीला शिव्या दिल्या. तेवढ्यात ग्यारेजात हाताखाली काम करणारा एक पोट्टा सायकलवरून उतरला. "काकाजी, मागचा हाय ना? हँडब्रेक त्यातच असते. आट्यावरचा पिस्टन हाय, दाबत दाबत फिरवा लागते." खाचांत नोज प्लास घालून त्यानं तो फिरवला. पिस्टन सुतासारखा आत गेला, आणि डबीतलं ब्रेक ऑइल वर चढलं.

"मले माहीत हाय," काकाजी म्हणाले. "तुले येते का नाई, पाहत होतो."

नंतर मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. पिनांना ग्रीस, रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्यानं धुणं (रंग खातं ते), दुसरं चाक, आणि गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबणं. संध्याकाळी गडाच्या पायथ्यापर्यंत चक्कर झाली. गाडी जिथे थांबवायची तिथेच थांबली. जावयानं सुटकेचा निःश्वास टाकला, काकाजींनी तो कौतुकाचा समजून घेतला. काकीजींनी सकाळचं जेवण रात्री वाढलं.

संक्रांतीला जावई रेल्वेनं तुमसर रोडला उतरला. काकाजी स्टेशनावर हजर. बॅग हातातून घेण्याआधी त्यांनी विचारलं, "गाडी काहून नाई आनली जवाईबापू? ब्रेकचा खरा जोर पुढच्या चाकाइवर असते. मागचे तं नुसते मदतीले. पुढचे खोलाचे राहूनच गेले ना!"