उधारीची प्रायमरी की

एका माणसाला एकच क्रमांक द्या, एक गोष्ट एकाच जागी लिहा, आणि एका चौकटीत एकच माहिती भरा. डेटाबेस डिझाइनच्या पहिल्याच तासाला सरांनी ही त्रिसूत्री सांगितली आणि सगळ्या वर्गाने ती निमूटपणे वहीत उतरवून घेतली. मला तेवढ्यानेच घाम फुटला, कारण मी रिठदचा.

वाशिमहून रिसोडला जाताना रिठद लागतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की पुण्याचा माणूस त्याचं काय वाटेल ते वाचतो, पण ती तक्रार किरकोळ. खरी भानगड अशी की माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा अकोला आहे आणि माझ्या दाखल्यावर वाशिम. गाव जागचं हललं नाही. १ जुलै १९९८ ला जिल्हाच हलला. वाशिममधला ‘शि’ ऱ्हस्व की दीर्घ, यावर सरकारी पाट्यांचंही अजून एकमत नाही. माझं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावापासून सुरू होतं आणि आधार कार्डावर आडनावाशी संपतं, त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने आम्ही दोघे आहोत आणि एकमेकांना ओळखत नाही. त्यात २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की १ मे २०१४ पासून पुढे जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव घालायचं. आईचं नाव आलं हे उत्तमच झालं. पण ज्याने नावाचे तीन रकाने धरून तक्ता आखला होता, त्याची त्या रात्रीची झोप गेली असणार.

तर असा मी अमरावती विद्यापीठात हा विषय शिकायला बसलो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम अशा पाच जिल्ह्यांची पोरं या एका विद्यापीठाच्या छत्राखाली येतात आणि सगळी एकच जाडजूड पुस्तक वाचतात: सिल्बरशात्झ, कॉर्थ आणि सुदर्शन. यातले सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक, म्हणजे पवई मुक्कामीचे. पण ग्रंथालयातल्या जुन्या आवृत्तीत उदाहरण होतं एका बँकेचं, शाखा पेरीरिज, खातेदार जॉन्सन आणि हेज. मी या जॉन्सनचं खातं इतक्या वेळा उघडून बंद केलंय की तो कुठे भेटला तर आधी शिल्लक सांगेन आणि मग नमस्कार करीन. त्या बँकेत रांग नाही, पासबुक छापायचं मशीन बंद नाही, ‘लिंक नाही, उद्या या’ अशी पाटी नाही. पुढच्या आवृत्त्यांत बँक जाऊन विद्यापीठाचं उदाहरण आलं. जॉन्सनचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

मग प्रकल्प आला. ‘एखादी खरी चालणारी प्रणाली घ्या, तिचा अभ्यास करा, डिझाइन करा,’ असं सरांनी सांगितलं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी ग्रंथालय घेतलं, उरलेल्यांनी हॉस्पिटल; त्यांच्या फायली वरच्या वर्गातून तयार मिळतात. मी आमच्या चुलत काकांचं किराणा दुकान घेतलं. ते खरं होतं, चालतही होतं, आणि मुख्य म्हणजे तिथे बसलं की खारे शेंगदाणे मिळायचे.

काकांची प्रणाली म्हणजे एक लांबोळकी, लाल कापडी बांधणीची वही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी निघते आणि जुन्या वहीतली बाकी तिच्यात ओढली जाते. मी उघडली तेव्हा पहिलीच नोंद अशी होती: ‘टाकी गजू — ते. १, सा. २, चा. १, ह. पोरगी.’ अर्थ असा की पाण्याच्या टाकीजवळ राहणाऱ्या गजाननाच्या खाती तेलाचा एक पुडा, साखर दोन किलो आणि चहाचा पुडा गेला, हस्ते त्याची मुलगी. हा ‘ह.’ फार मोलाचा. गजूने ‘मी कुठं तेल नेलं?’ म्हटलं की काका बोट ‘ह.’वर ठेवतात. बँकांनी करोडो रुपये ओतून उभा केलेला ऑडिट ट्रेल तो हाच.

मी तक्ता आखायला घेतला आणि पहिल्याच रकान्यात अडकलो. प्रायमरी की. म्हणजे असा रकाना, ज्यावरून माणूस हमखास ओळखता येईल आणि दोघांचा कधीच सारखा निघणार नाही. नाव धरणं शक्य नव्हतं. गजानन महाराज १८७८ मध्ये शेगावात प्रकट झाले तेव्हापासून वऱ्हाडात गजाननांना तोटा नाही, आणि शेगाव आम्हाला काही लांब नाही. काकांच्या वहीत टाकी गजू, मिशी गजू, मास्तरचा गजू, ट्रॅक्टर गजू आणि नुसता गजू असे होते. नुसता गजू कोण, तर जो पहिल्यापासून उधारी चुकवतो तो. त्याला विशेषणाची गरज पडली नव्हती.

“काका, मोबाइल नंबर टाकू का?”

“टाक ना. पन रिचार्ज संपला का नंबर बदलते लोकं.”

“मंग आधार नंबर?”

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी खुळा झालो की काय. “लेका, दोन किलो साखरेसाठी आधार कार्ड मांगतलं त गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईन.”

त्यांची की त्यांना पुरत होती: राहण्याची जागा, किंवा बाप, किंवा चेहऱ्यावरची ठळक वस्तू, आणि त्यापुढे नाव. पुस्तकात हिला कंपोझिट की म्हणतात. पुस्तकाची आणखी एक अट म्हणजे प्रायमरी की कधी बदलू नये. उद्या टाकी पाडली तरी गजू टाकी गजूच राहणार आणि त्याचा नातूसुद्धा टाकीवाल्यांचा म्हणून ओळखला जाणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. सरकारी कीला मात्र हे जमत नाही. शेताचा गट नंबर पंचेचाळीस असतो. थोरल्याचं धाकट्याशी बिनसलं की पंचेचाळीस-एक आणि पंचेचाळीस-दोन होतात, आणि पुढच्या पिढीत जावा-जावांचं बिनसलं की त्या दोनला अ आणि ब फुटतात. भाऊबंदकीने की तुटते, हा नियम कॉडसाहेबांच्या निबंधात नाही.

हे एडगर कॉड म्हणजे या विषयाचे मूळपुरुष. जन्म इंग्लंडातला, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सचे वैमानिक, पुढे अमेरिकेत आयबीएमला नोकरी. १९७० मध्ये त्यांनी निबंध लिहून मांडलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि तक्ते एकमेकांना समान रकान्याने जोडा. त्याबद्दल १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. थोर माणूस, पण सातबारा पाहिलेल्या घरात हे वाचून कोणी दचकत नाही. सातबारा म्हणजे तरी काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची ते, बारामध्ये तिच्यात पेरलं काय ते. दोन तक्ते आणि मधे गट नंबर. पुस्तकात याला जॉईन म्हणतात आणि त्यावर हमखास प्रश्न येतो. माझ्या आजोबांनी तोच प्रश्न तहसील कचेरीच्या पायरीवर बसून आयुष्यभर सोडवला. असे एकवीस गाव नमुने आहेत. त्यांची घडी बसवणाऱ्यांत अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याचं मॅन्युअल प्रसिद्ध आहे. जुने तलाठी त्याचं नाव अजून गुरूसारखं घेतात. ट्युरिंग पुरस्कार त्याला काही मिळाला नाही.

आता नॉर्मलायझेशन. पहिला नियम, एका चौकटीत एकच किंमत. आमच्या एका शेताच्या सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या रकान्यात आजोबांची सख्खी-चुलत मिळून आठ नावं एकाखाली एक आहेत, त्यातल्या एकापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर लिहिलंय आणि क्षेत्र सामाईक. हा तक्ता पहिल्या नॉर्मल फॉर्ममध्ये आणायचा म्हणजे आधी वाटणी करावी लागेल, आणि वाटणी म्हणजे दिवाणी कोर्ट. दुसरा आणि तिसरा फॉर्म मग राहूच द्या.

ईआर डायग्राम काढून दुकानात नेली. ही पद्धत पीटर चेन यांची, १९७६ ची: वस्तू चौकोनात, त्यांच्यातलं नातं तिरप्या चौकोनात. काकांनी कागद दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला.

“हे शंकरपाळे कायचे?”

“नातं हाय ते काका. गिऱ्हाइकाचं आन् उधारीचं.”

“आन् गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाशी?”

ते मी काढलंच नव्हतं, कारण काढायला घेतलं असतं तर कागदावर शंकरपाळ्यांखेरीज काही उरलं नसतं. गावात कोणी कोणाचा साडू नाही, व्याही नाही, मामेसासरा नाही, असा माणूस शोधून दाखवा. निदान त्याला उधार तरी मिळायचं नाही.

व्यवहाराच्या धड्यात लिहिलंय की ट्रान्झॅक्शन क्षणात सुरू व्हावं आणि क्षणात संपावं. मधेच काही बिघडलं तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत. काकांच्या दुकानातला व्यवहार पोळ्याला उघडतो आणि सोयाबीन निघून बाजार समितीत गेलं की दिवाळीच्या आगेमागे कमिट होतो. भाव पडला तर तुरीपर्यंत थांबतो. रोलबॅक करायचा म्हणजे खाल्लेली साखर परत मागायची.

पण सगळ्यांत अवघड ठरला तो मेलेला माणूस. एका तक्त्यातली ओळ पुसली की तिच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या तक्त्यातल्या ओळींचं काय करायचं, हे डेटाबेस आधीच विचारून ठेवतो. त्याच्याकडे ठळक पर्याय तीन. कॅस्केड: माणूस गेला की त्याची उधारीही गेली. रिस्ट्रिक्ट: उधारी बाकी आहे तोवर माणसाला जाता येणार नाही. सेट नल: माणूस गेला, उधारी राहिली, पण कोणाची ते आता सांगता यायचं नाही. मी तिन्ही पर्याय काकांपुढे ठेवले. पहिल्यावर ते संतापले. दुसरा त्यांना फार आवडला. यमराजाला वही दाखवता आली तर बरं होईल, म्हणाले. तिसऱ्याला त्यांनी हातानेच उडवून लावलं.

“बाप मेला त पोरगा देते. पोरगा नाही देल्ला त त्याच्या घरच्या लग्नात आहेर नाही देत मी. याच्यात कायचं कॉम्प्युटर?”

ही सोय कुठल्याही कंपनीच्या डेटाबेसमध्ये एका शब्दात मिळत नाही. तलाठ्याकडे मात्र आहे. वारसाचा फेरफार मंजूर झाला की जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर मेलेल्याचं नाव खोडत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर टाकत. माणूस जायचा, पण वाचता यायचा. हल्ली मोठमोठ्या कंपन्या हेच करतात आणि त्याला सॉफ्ट डिलीट म्हणतात.

वहीत काही नावांपुढे पेन्सिलीचा ठिपका होता. मला वाटलं, बुडवे असतील.

“व्याही हायेत ते,” काका म्हणाले. “व्याह्याले मांगता येत नाही.”

“आन् इथं दोन ठिपके?”

“तो व्याह्याचा व्याही. त्याच्यासमोर त हिशोबाची वही उघडतबी नाही मी.”

मी इमानाने ‘ठिपका’ नावाचा रकाना घातला, किंमत शून्य, एक किंवा दोन. तोंडी परीक्षेला आलेले एक्स्टर्नल आमच्याच भागातले निघाले. पेरीरिजच्या अंगाने त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सरळ ठिपक्यावर बोट ठेवलं. अर्थ सांगितल्यावर मान डोलावली आणि म्हणाले, “पण हा रकाना ठेवायची गरज काय? लग्नांचा तक्ता असला तर कोण कोणाचा व्याही हे काढता येतं. काढता येतं ते साठवू नये.” शास्त्रशुद्ध बोलले. मार्कही बरे दिले.

म्हणून सुटीत गावी आलो तो लग्नांचा तक्ता भरायला घेऊन. वर, वधू, वधूचं गाव, वर्ष. काका गल्ल्यावर बसून भराभर सांगत होते आणि मी लॅपटॉपवर टाकत होतो. निम्म्या गावाची लग्नं त्यांना तिथीसकट पाठ. त्यांच्या स्वतःच्या मुलाची ओळ आली तेव्हा वधूच्या रकान्यात मी नल टाकलं. पोरगा पदवीधर, दुकान घरचं, शेती पाच एकर; पण मुलीकडच्यांना नोकरीवालाच पाहिजे असतो आणि तोही पुण्यातला.

“हे काय लिवलं?” काकांनी चष्मा वर केला. “नाही असं लिवलं का?”

“नाही काका. नल म्हंजे नाही असं नसते. सरांनी पक्कं सांगितलं हाय. नल म्हंजे माहीत नाही.”

काका एकदम सरसावून बसले. पुऱ्या प्रकल्पात माझ्या विषयात त्यांना असा रस वाटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

“म्हंजे हाय कुठंतरी, फकस्त आपल्याले माहीत नाही?”

“हाव, तसंच म्हना.”

“मंग शोध ना लेका! इतकं शिकला तं!” आणि आत तोंड करून त्यांनी हाक मारली, “अवं, बायोडाटा आन वं पोराचा. याच्या कॉम्प्युटरात हाय म्हन्ते ते!”