नानांचा आउटबॉक्स

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा, तिथे एक नाना असतातच. नाव अण्णा असेल, काका असेल, माणूस तोच. पेन्शन चालू, मुलगा नोकरीनिमित्त बाहेर आणि त्याने जाताना मागे ठेवलेला डेस्कटॉप हॉलच्या कोपऱ्यात. सोसायटीचं सेक्रेटरीपद नानांकडे आलं ते निवडून नव्हे; त्या वर्षी वार्षिक सभेला ते दहा मिनिटं उशिरा पोचले, तोवर ठराव मंजूर झाला होता. सूचकाने कारण एकच दिलं होतं : 'त्यांना कॉम्प्युटर येतो.'

नानांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. 2000 साली खात्याचं बीएसएनएल झालं, पण नाना अजून 'खातं'च म्हणतात. त्यांच्या लेखी जगातले सगळे बिघाड हे लाइनचे फॉल्ट असतात आणि फॉल्टची प्रतवारी ठरलेली असते. लाइन डेड म्हणजे अगदी हलका माल, शिकाऊ पोरगाही शोधेल. खरखर मध्यम. सगळ्यात वरच्या प्रतीचा म्हणजे कधी असतो, कधी नसतो तो फॉल्ट. पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरून तार गंजायची. ग्राहक 198 वर तक्रार नोंदवायचा. लाइनमन यायचा, तपासणीसाठी घंटी द्यायचा आणि घंटीचा पाऊणशे व्होल्टचा झटका त्या गंजक्या जोडातून गेला की जोड तेवढ्यापुरता धरायचा. लाइन खणखणीत. लाइनमन वहीत 'ओके' लिहून सायकलवर टांग टाकायचा आणि संध्याकाळी पुन्हा खरखर. "तपासायला गेलं की बरा होतो, तो खरा फॉल्ट," असं नाना सांगतात, तेव्हा जुन्या मित्राची आठवण निघाल्यासारखा त्यांचा आवाज हळवा होतो.

असा फॉल्ट निवृत्तीनंतर घरी चालून येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. पण आला. सोसायटीचे मेल कधी जायचे, कधी आउटबॉक्समध्येच बसून राहायचे.

येणाऱ्या मेलची काही तक्रार नव्हती. बँकेचं पत्रक, महापालिकेच्या मिळकतकराची आठवण, कुणाच्या तरी मुंजीचं निमंत्रण, सगळं वेळेवर यायचं. जायचं नाव काढलं की अडायचं. त्यात सोमवारी गेलेला मेल शुक्रवारी जात नसे आणि शुक्रवारी अडकलेला रविवारी आपोआप सुटे. मेंटेनन्सची बिलं याच वाटेने जात असल्यामुळे बी विंगमध्ये एक नवीनच पंथ तयार झाला होता. थकबाकीवर सोसायटीला व्याज लावता येतं. पण बिलाचा मेलच आला नाही तर व्याज कसलं? "नाना, मिळालंच नाही हो," असं लिफ्टमध्ये सांगताना या पंथातल्या माणसांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख दिसे.

उपाय सुचवणारे कमी नव्हते. तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा. नानांनी केला आणि मेल गेला. त्यानंतर पुढे कधी मेल गेला नाही तर नाना म्हणत, सेकंद मोजायला चुकलो. आता राउटर बंद-चालू करणं हा काही निव्वळ अंगारा-धुपारा नाही. बऱ्याच घरगुती जोडण्यांना कंपनी इंटरनेटवरचा पत्ता कायमचा देत नाही. राउटर पुन्हा जोडला गेला की कधी कधी नवा पत्ता मिळतो. शिवाय हल्ली शेकडो घरं मिळून एकच पत्ता वापरतात. त्यांतल्या एखाद्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि तो रात्रभर औषधांच्या जाहिराती पाठवत बसला, तर तो सामाईक पत्ता काळ्या यादीत जातो आणि सज्जनांचीही पत्रं परत फिरू लागतात. ही माहिती कळल्यावर नानांनी तीन दिवस समोरच्या फ्लॅटमधल्या आयटीवाल्या मुलांकडे संशयाने पाहिलं.

मग दरवाजांचा शोध लागला. मेल पाठवण्याचे नियम 1982 च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढले, तेव्हापासून 25 नंबरचा पोर्ट या कामाला ठरलेला. पुढे त्याच दरवाजातून कचरा इतका वाहू लागला, की पुष्कळ इंटरनेट कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी तो बंद केला. आपला मेल आपल्या कंपनीच्या हवाली करायला ओळखपत्र दाखवून जायचा 587 हा वेगळा दरवाजा 1998 साली नेमून दिला गेला. नानांच्या सेटिंगमध्ये 587 आधीपासूनच होता. तरी त्यांनी तो काढून 25 घातला, मग 465 घातला, मग पुन्हा 587. शेवटचा बदल रविवारी झाला आणि मेल गेला. तेव्हापासून 'नंबर काढून परत घातला की धरतो' हा उपाय त्यांच्या यादीत चढला.

तिसऱ्या मजल्यावरच्या सीए बाईंनी वजनाचा मुद्दा काढला. त्यात तथ्य होतं. मेलची वाहतूक मुळात साध्या अक्षरांची. फोटो किंवा पीडीएफ जोडायचा तर तो अक्षरांत रूपांतरित करावा लागतो, दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे अठरा एमबीची फाइल वाटेला लागताना चोवीस एमबीची होते आणि पंचवीसच्या मर्यादेला टेकते. लेखापरीक्षणाचा अहवाल स्कॅन करून पाठवताना एकदा खरंच तसं झालं होतं. पण आता तर 'पाण्याचा टँकर उशिरा येईल' एवढी ओळही अडकत होती. नानांनी तरीही खबरदारी म्हणून सहीखालचा पिन कोड काढून टाकला.

घरात या सगळ्याकडे नानी शांतपणे बघत होत्या. "अहो, फोनवरून का नाही पाठवत? जातो की तिथून."

"फोनवरून जातो म्हणून तर प्रश्न आहे," नाना म्हणाले. "म्हणजे फॉल्ट लाइनवर नाही, ग्राहकाच्या आवारात आहे."

"मग शोधा आवारात. आधी तेवढी कुंडी सरकवून द्या."

नानांना धीर दिला तो अमेरिकेतल्या एका खऱ्या घटनेने. ट्रे हॅरिस नावाचे गृहस्थ एका विद्यापीठाची मेलव्यवस्था सांभाळत असत. त्यांना एके दिवशी संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला : आमचे मेल पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाहीत. हॅरिसना वाटलं, थट्टा चाललीय. पण संख्याशास्त्राची माणसं ती. काही दिवस आकडे गोळा करून मगच त्यांनी फोन केला होता. हॅरिसनी स्वतः पाठवून पाहिलं. न्यूयॉर्कला गेला, प्रिन्स्टनला गेला. मेम्फिसला नाही, बॉस्टनला नाही. झालं होतं असं : एका सल्लागाराने येऊन सर्व्हर अद्ययावत केला होता आणि 'मेलला मी हातही लावलेला नाही' अशी ग्वाही देऊन तो गेला होता. त्या भानगडीत मेलचा प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर घसरला. नवी सेटिंग त्याला वाचता येईना आणि समोरच्या सर्व्हरची वाट किती वेळ पाहायची या रकान्यात शून्य बसलं. प्रत्यक्षात ते शून्य म्हणजे तीन मिलिसेकंदांच्या आसपास. तेवढ्या वेळात प्रकाश साधारण साडेपाचशे मैल जातो. हॅरिसनी ही हकिगत 2002 साली जाहीर केली आणि जगभरचे संगणकवाले ती अजून एकमेकांना सांगतात.

नानांनी ती वाचली आणि त्याच दुपारी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली उतरवला. सांगलीचा मेहुणा : गेला. ठाण्याची बहीण : गेला. नागपूरचे जुने साहेब : नाही! नाना ताडकन उठून उभे राहिले. पुणे-नागपूर सातशे किलोमीटर. सिद्धांत जवळजवळ हातात आला होता. पण न्यूजर्सीच्या मुलाला सोमवारी पाठवलेला मेल पोचल्याचं त्याने कळवलं आणि सगळ्यावर पाणी पडलं. खरं तर नानांचा कुठलाही मेल, सांगलीचा असो की न्यूजर्सीचा, आधी त्यांच्या मेल कंपनीच्या एकाच सर्व्हरकडे जायचा. पहिल्याच पायरीवर जे अडत होतं, त्याचा मुक्कामाच्या गावाशी संबंध नव्हता. नागपूरचा प्रयत्न फक्त शुक्रवारी झाला होता.

मग निघाली वही. खात्यातल्या फॉल्ट रजिस्टरासारखे रकाने आखलेली : तारीख, वार, वेळ, कोणास, वजन, हवामान, केलेला उपाय, निकाल. तारीख नाना समोरच्या कालनिर्णयावरून लिहीत. निकालात 'गेला' हिरव्या शाईने, 'नाही' लाल शाईने. केलेल्या उपायाचा रकाना सगळ्यात वाचनीय होता : 'अँटिव्हायरस बंद', 'केबल उलटी करून घातली', 'पंखा बंद', 'प्राध्यापक उपस्थित', 'नानी झोपल्यावर'. यातल्या प्रत्येकासमोर कधी ना कधी हिरवा शेरा होताच. जो बिघाड अधूनमधून आपणच बरा होतो, त्याच्यावर कुठलंही औषध लागू पडतं आणि ते देणारा प्रत्येक जण वैद्य ठरतो. सोसायटीत एव्हाना सहा वैद्य झाले होते.

दीड महिन्याची पानं भरल्यावर मात्र लाल शाई एका बाजूला गोळा झालेली दिसू लागली. गुरुवार दुपार ते शनिवार. रविवारपासून बुधवारपर्यंत बहुतेक हिरवं.

"गुरुवार," नाना पुटपुटले. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. वीज सकाळी जाते, दुपारी येते. ती आल्यावर कॉम्प्युटर चालू होतो, येणारे मेल येतात, जाणारे अडतात. पडद्यावर इंग्रजीत एक चौकटही येत असे. सर्टिफिकेट अजून वैध नाही, अशा अर्थाची. ती नानांनी पहिल्याच आठवड्यात पाहिली होती. पण सर्टिफिकेट म्हटल्यावर पेन्शनर माणसाला दर नोव्हेंबरात बँकेत द्यायचा हयातीचा दाखलाच आठवतो; 'देऊ वेळेवर' म्हणून नानांनी ती बंद केली होती आणि पुढे वाचायच्या आतच बंद करायची सवय लावून घेतली होती.

उलगडा शनिवारी संध्याकाळी झाला. बाणेरला राहणाऱ्या मुलीचा मुलगा, आठवीतला, दर शनिवारी आजोळी येतो आणि कॉम्प्युटरवर गेम खेळतो. नाना त्याच्या मागे वही घेऊन उभे होते. पोराने खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं, तारीख बदलली आणि गेम उघडला.

"हे काय केलंस?"

"तारीख नीट केली. दर वेळी 2009 ची झालेली असते. ती नीट केल्याशिवाय साइट उघडत नाही."

"दर वेळी? आणि मला सांगितलं नाहीस?"

"आजोबा, मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित कमी आकाराचा तीन व्होल्टचा एक सेल असतो, सीआर 2032. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो केव्हाच संपला होता. कॉम्प्युटरचं बटण भिंतीत चालू असेतोवर तेवढ्या विजेवर घड्याळ चालायचं. वीज गेली, किंवा नानींनी मिक्सर लावायला बटण बंद केलं, की ते थेट 1 जानेवारी 2009 ला जाऊन बसायचं. विंडोजला इंटरनेटवरून वेळ जुळवता येते, पण त्यांच्या जुन्या विंडोजमध्ये फरक पंधरा तासांहून मोठा असला की ती हा दुरुस्तीचा नाद सोडून देते. आणि जाणारा मेल कुलूपबंद वाटेने जाताना सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जातं. 2009 सालातल्या माणसाला आत्ता दिलेलं प्रमाणपत्र दाखवलं तर तो ते कसं मानणार? येणारा मेल मुलाने फार पूर्वी जुन्या, बिनकुलपी 110 पोर्टावर लावून दिला होता. तिथे कुणी तारीख विचारत नव्हतं. बाकी इंटरनेट नाना फोनवर बघत. त्या कोपऱ्यातल्या तारखेकडे बघायची गरज घरात फक्त आठवीतल्या पोराला होती.

रविवारी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून सेल आला. उपासाच्या फराळाच्या डब्याएवढा खर्च. नानांनी कॅबिनेट उघडलं, ब्रशने धूळ झटकली, सेल बसवला आणि पुढचे दोन गुरुवार वहीत हिरवी शाई उमटली. नानी म्हणाल्या, "बरं झालं बाई." नाना काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते बराच वेळ गच्चीत फेऱ्या मारत होते. प्राध्यापकांना मात्र त्यांनी सेलची हकिगत सांगितली नाही. प्राध्यापक अजून आपला तीस सेकंदांचा उपाय सगळ्यांना सांगतात.

बी विंगची पंचाईत झाली. सप्टेंबर उजाडला. वार्षिक सभा 30 तारखेच्या आत व्हायला हवी आणि नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी. नानांनी ती मुदतीत पाठवली, सगळ्यांना, एकाच खेपेत. थकबाकीची यादी सोबत जोडून. सभेत विषयपत्रिकेच्या पहिल्याच मुद्द्यावर बी विंगमधले एक गृहस्थ उठले.

"नोटीस मिळालीच नाही."

नानांनी वही उघडली. "11 तारीख, सकाळी 10.42. गेला."

गृहस्थ एक क्षण गप्प झाले. मग म्हणाले, "मग स्पॅममध्ये गेली असेल. सोसायटीचे मेल कधी कधी स्पॅममध्ये जातात माझ्याकडे."

"कधी कधी?" नानांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "कधी कधी म्हणजे साधारण कुठल्या वारी?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि वॉचमनला चहा सांगितला. नाना नव्या पानावर रकाने आखत होते.