सव्वादहा इंच

गाडी कुठली घेतली असं कुणी विचारलं की मी कंपनीचं नाव शेवटी सांगतो. आधी पडदा सांगतो. सव्वादहा इंच. त्यातला ‘सव्वा’ जरा दाबून म्हणतो, कारण खालच्या मॉडेलला आठच इंची पडदा येतो आणि ते मॉडेल माझ्या साडूकडे आहे. या सव्वादोन इंचांसाठी मी दीडेक लाख जास्त मोजले. शोरूममधला पोरगा इंजिनाबद्दल सांगू लागला तेव्हा मी त्याला म्हणालो, “ते असू दे.” इंजिन काही पाहुण्यांना दाखवता येत नाही.

खोड जुनीच आहे. मारुती 800 होती तेव्हा टेपचं पुढचं पॅनल काढून घेता यायचं, चोरीला जाऊ नये म्हणून. शहाणी माणसं ते डबीत घालून खिशात ठेवायची. मी हॉटेलात टेबलावर ठेवायचो, मिठाच्या डबीशेजारी, कंपनीचं नाव वर येईल असं. वेटर पाण्याचे ग्लास ठेवायला जागा शोधू लागला की मी ते दोन्ही हातांनी उचलून बाजूला करायचो. त्या टेपला एक गोल बटण होतं. उजवीकडे फिरवलं की आवाज वाढायचा, डावीकडे फिरवलं की कमी व्हायचा. बाकी त्याला फारसं काही येत नव्हतं, पण जे येत होतं ते त्यानं मरेपर्यंत केलं.

पडद्याला खूप काही येतं. त्यातलं कधी काय करायचं हे तो ठरवतो.

उदाहरणार्थ आरती. गाडी सुरू केली, फोन जोडला गेला, की फोनमधलं वर्णक्रमानं पहिलं गाणं आपोआप लागतं. बऱ्याच गाड्यांना ही सवय आहे. माझ्या फोनमध्ये सोसायटीच्या गणपतीसाठी भरलेला आरतीसंग्रह आहे. इंग्रजी स्पेलिंगात सुरुवातीलाच दोन ए; त्याच्यापुढे नंबर लावायची कुठल्या गाण्याची टाप आहे? त्यामुळे आमची गाडी बाराही महिने झांजांसकट सुरू होते. वॉचमन फाटक उघडतो आणि हात जोडतो. सासरे मागच्या सीटवर टाळ्यांचा ठेका धरतात. एकदा ऑफिसातल्या साहेबांना विमानतळावर सोडायचं होतं, तर त्यांनी बसता बसता बूट काढले. आवाज कमी करायचा तर पडद्यावर बोट सरकवावं लागतं, आणि पडदा त्या वेळी अजून जागा होत असतो. एक कडवं झाल्यावर तो बोटाची दखल घेतो. आरती फोनमधून काढून टाकायला घरातून परवानगी नाही. “गणपतीची आरती डिलीट करणार तुम्ही?” या प्रश्नाला पुण्यात तरी उत्तर नाही.

दुसरं म्हणजे ब्लूटूथ. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आणि गाडी बरोबर बाल्कनीखाली. मी गाडी सुरू केली की तिला माझ्या खिशातला फोन सापडत नाही; वरच्या मजल्यावरचा बायकोचा सापडतो. ती त्या वेळी बहिणीशी बोलत असते. वर एकदम शांतता पसरते आणि मेव्हणी खाली माझ्या गाडीत, सहा स्पीकरांमधून, बोलू लागते. “ताई, भावोजींना गाडी नकोच होती गं. त्यांना टीव्ही हवा होता, चाकं लावलेला.” मी नकळत म्हणून गेलो, “तुमच्यापेक्षा सव्वादोन इंच मोठा आहे तो.” गाडीचा माइक माझं बोलणं एरवी कधी ऐकत नाही. त्या दिवशी त्यानं शब्दन् शब्द पोचवला.

सर्व्हिस सेंटरला गेलो की पडदा एकदम गुणी होतो. शाळातपासणीला दिपोटी आले की कधी तोंड न उघडणारा वर्ग हात वर करून उभा राहायचा, तसा. नकाशा दाखवतो, गाणी लावतो, उलटं येताना मागचं चित्रही वेळेवर दाखवतो. एरवी हे चित्र यायला इतका वेळ लागतो की तोवर कुंडी फुटलेली असते आणि मग ती फुटलेली कुंडी फार स्पष्ट दिसते. “सर, प्रॉब्लेम दाखवा ना,” सर्व्हिस ॲडव्हायझर नम्रपणे म्हणतो. मी प्रॉब्लेम तोंडानं सांगतो. तो मान हलवतो आणि विचारतो, “केबल ओरिजिनल आहे का सर?” ही केबल म्हणजे या धंद्यातली शनीची साडेसाती आहे, सगळं तिच्यावर ढकलता येतं. आमच्या घरात एक खण आता फक्त ओरिजिनल केबलींचा आहे. केबलनं भागलं नाही तर, “सॉफ्टवेअर इश्यू आहे सर. कंपनीकडून पॅच येईल.” पॅच येतोही. पण तो उतरवून घ्यायला गाडीला नेटवर्क लागतं, आणि आमच्या पार्किंगमध्ये मेव्हणीशिवाय कशालाच रेंज नाही.

भांडायला जायचं तर हातात कागद हवेत म्हणून वाचायला बसलो आणि कळलं की हे दुखणं माझं एकट्याचं नाही. जे. डी. पॉवर नावाची अमेरिकी संस्था नव्या गाड्यांच्या तक्रारी मोजते. तिच्याकडे गेली बरीच वर्षं इंजिन, गिअर, ब्रेक यांच्यापेक्षा जास्त तक्रारी या पडद्याच्या येतात. कारणही उघड आहे. गाडी आखून रस्त्यावर यायला तीन-चार वर्षं जातात, आणि तिच्या आतलं यंत्र त्या आखणीच्या वेळीच ठरलेलं असतं. फोन मात्र दर वर्षी बदलतो. जुन्या यंत्राला रोज नवा फोन समजून घ्यायचा असतो. माझंही वय आता असं आहे की या बाबतीत मला त्या यंत्राबद्दल सहानुभूती वाटायला हवी. वाटत नाही.

2022 साली स्वीडनमधल्या ‘वी बिलेगारे’ या मासिकानं एक साधी चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटरनं गाडी चालवताना रेडिओचं स्टेशन बदलणं, गारवा कमी-जास्त करणं अशी चार कामं उरकायची. 2005 सालच्या, बटणांच्या जुन्या व्होल्वोला 10 सेकंद लागले. तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. सगळ्यांत मागे राहिलेल्या नव्याकोऱ्या पडदेवाल्या गाडीला 44.9 सेकंद लागले, आणि ती तोवर 1,372 मीटर गेली होती. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता, ड्रायव्हरचं अर्धं लक्ष बोटाकडे. खंबाटकीच्या घाटात मला एकदा फक्त एसी कमी करायचा होता. समोर ट्रक, शेजारी ट्रक, आणि पडद्यावर गोल गोल फिरणारं ते चाक. शेवटी बायकोनं काच खाली केली. तिला एवढा एकच बटणाचा मामला गाडीत सापडला.

आणि हे सगळं आधी होऊन गेलेलं आहे, याचा तर मला जास्त राग आला. 1986 साली अमेरिकेत ब्यूक रिव्हिएरा या गाडीत बोटानं चालवायचा पडदा बसवला होता, हिरव्या अक्षरांचा, जुन्या टीव्हीच्या जातीचा. लोक वैतागले. म्हणाले, साधा रेडिओ लावायला रस्त्यावरची नजर काढावी लागते. 1990च्या मॉडेलपासून कंपनीनं मुकाट्यानं बटणं परत आणली. आता युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ‘युरो एनकॅप’नंही सांगितलंय की 2026पासून पूर्ण पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मोजक्या गोष्टींना हाताला लागेल असं बटण किंवा दांडी ठेवा. हॉर्नला बटण असावं हे लिहून सांगावं लागलं, यात सगळं आलं.

सिएटलला माझा भाचा असतो. त्याला फोनवर हे सगळं रडगाणं ऐकवलं तर तो म्हणाला, “मामा, तुझं काहीच नाही,” आणि त्यानं मला तिथली एक हकिगत सांगितली. ती मी आता सविस्तर सांगणार आहे. घाईत असाल तर पुढचे दोन परिच्छेद ओलांडून जा. मला मात्र ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

2022च्या सुरुवातीला सिएटल परिसरातल्या, 2014 ते 2017 या वर्षांतल्या माझदा गाड्या एकाएकी वेड्या झाल्या. वेड्या त्याच, ज्यांचे मालक केयूओडब्ल्यू हे 94.9 वरचं सार्वजनिक रेडिओ स्टेशन ऐकत होते. स्टेशनकडून गाडीच्या पडद्यासाठी आवाजाबरोबर छोटी चित्रंही पाठवली जातात. त्या दिवसांत पाठवलेल्या काही चित्रांच्या फाइलींना शेवटचं शेपूट, म्हणजे फाइल कुठल्या प्रकारची आहे ते सांगणारी अक्षरं, नव्हतं. गाडीला ते चित्र आहे हे ओळखू येईना. ती बंद पडे, पुन्हा सुरू होई, पुन्हा तेच चित्र आठवून बंद पडे. नकाशा गेला, ब्लूटूथ गेलं, मागचा कॅमेरा गेला. राहिलं फक्त केयूओडब्ल्यू. स्टेशन बदलताच येईना. बातम्या आणि चर्चा, चर्चा आणि बातम्या. नवं यंत्र बसवायचं तर दीड हजार डॉलर, आणि तेही लवकर मिळेना. पुढे कंपनीनं ते फुकट बदलून द्यायचं कबूल केलं. पण तोवर त्या बिचाऱ्यांनी किती चर्चा ऐकल्या असतील!

हे पुण्यात झालं असतं तर, या विचारानं मला कित्येक रात्री सुखाची झोप लागली आहे. समजा, आकाशवाणीवर सगळ्या गाड्या अडकल्या. हिंजवडीच्या रांगेत नुसत्या चकचकीत गाड्या, आणि प्रत्येकीत ‘माझं घर माझं शिवार’. आठवड्याभरात आयटीतली पोरं चहाच्या टपरीवर डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल बोलू लागली असती. मॅनेजरनं मीटिंगमध्ये विचारलं असतं, कांद्यावर फुलकिडे किती दिसले तर फवारणी करायची? कोथरूडच्या एखाद्या आजोबांनी द्राक्षावरची भुरी ऐकून गच्चीतल्या वेलाला गंधक मारलं असतं. संस्कृत बातम्यांचे श्रोते इतके वाढले असते की दिल्लीला संशय आला असता. मला विचाराल तर मी आनंदानं अडकलो असतो. एक तर आरती थांबली असती. दुसरं म्हणजे आकाशवाणीची एक गोष्ट मला अजून आवडते. प्रसारण मध्येच तुटलं की थोड्या वेळानं एक शांत आवाज यायचा आणि व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, असं सांगायचा. तुटलं ते तुटलं, पण कुणीतरी दिलगीर असायचं. लाखो रुपये मोजून घेतलेल्या या पडद्याच्या बाजूनं आजवर एकही माणूस मला असं म्हणालेला नाही. केबल ओरिजिनल आहे का, एवढंच विचारलं गेलं आहे. खरा राग त्याचा आहे.

शेवटी ॲडव्हायझर एकदा म्हणाला, “सर, फॅक्टरी रीसेट मारून टाकू. एकदम नव्यासारखं होईल.” हा उपाय आधीच का नाही काढला, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि तो पुढे म्हणाला, “फक्त डेटा सगळा जाईल. फोनबुकबिक. चालेल ना?”

या गाडीच्या फोनबुकाचीही एक गंमत आहे. घेतली त्या दिवशी तिनं माझ्या फोनमधली सगळी नावं उचलली आणि त्यानंतर नवं काही घेतलं नाही, जुनं काही टाकलं नाही. इतर बिघाडांबरोबर हाही एक. त्यात अजून जुना दूधवाला आहे, बदली होऊन गेलेले बँकेतले साहेब आहेत. आणि फेव्हरिटमध्ये सगळ्यांत वर ‘आई घर’ आहे. साताऱ्याचा लँडलाइन. आई गेल्यावर तो आम्ही परत केला, घरही दिलं. माझ्या फोनमधून ते नाव मीच काढलं, एका रविवारी, आणखी बरीच नावं काढताना. गाडीला ते कळलेलं नाही. शनिवारी निघालो की मी गाडीतूनच तो नंबर लावायचो. “निघालोय गं. जेवायला थांबू नकोस.” ती थांबायचीच.

ॲडव्हायझरचं बोट पडद्यावर तयार होतं. मी म्हटलं, “राहू दे. तसा ठीक आहे पडदा.” त्यानं माझ्याकडे जरा पाहिलं आणि जॉबकार्डवर लिहिलं, ग्राहकाचं समाधान झालं. बायकोला मी सांगितलंय की नवा पॅच येणार आहे. तिनं तो कधी येणार हे विचारलेलं नाही.

आता तुम्ही गाडी घ्यायला निघाला असाल तर एवढं करा. स्वतःचा फोन घेऊन जा, तो जोडा, गाडी बंद करून पुन्हा जोडा. आवाजाचं आणि एसीचं गोल बटण नजर समोर ठेवून हाताला लागतंय का ते बघा. सनरूफ नंतर बघता येईल. फोनमधल्या आरत्यांच्या आधी कुठलंतरी बरं गाणं येईल अशी सोय घरूनच करून जा. आणि साडूकडे कुठलं मॉडेल आहे, हे सही करेपर्यंत कुणालाही विचारू नका.