सर्व आवृत्त्यांसाठी

२००३ च्या सिम्युलेटरसाठी बनवलेल्या विमानावर ‘एफएसएक्स, प्रीपेअर्ड, सर्व आवृत्त्या’ अशी नंतरच्या सिम्युलेटरांची चिठ्ठी चिकटवून ते फुकट वाटणाऱ्यांच्या औदार्याला तोड नाही. प्रीपेअर्डची २०१७ ची चौथी आवृत्ती ६४ बिटची. ३२ बिटचे जुने गेज, म्हणजे तबकड्या चालवणारे भाग, तिथे उघडत नाहीत. त्यामुळे कॉकपिटात वेग आणि उंचीच्या तबकड्यांच्या जागी नुसती भोकं. पण विमान यादीत दिसतं ना? मग चालतंच! (धर्माची गाय, दात कसले मोजता?)

आता चिठ्ठीवर १९८२ चा मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटरही घालावा. त्यात विमान दिसणारच नाही, म्हणजे दोषही दिसणार नाहीत. शिवाय सोबतच्या रीडमीत कर्त्याची नम्र विनंती असतेच: ‘माझ्याकडे प्रीपेअर्ड नाही. चालतं का, कृपया कळवावं.’